आमच्या आळीचे गुण

बँकेत होतो तेव्हा आकडे लेजरमध्ये मिळत, पण गावाची खरी खबर मिळे ती पिग्मी एजंटाकडून. १९२८ साली उडुपीत टी. एम. ए. पै यांनी रोज दोन आणे घरोघर जाऊन गोळा करण्याची ही युक्ती काढली आणि ती दूरवर पसरली. आमचा एजंट काउंटरला छत्री अडकवून सांगायचा, "सायबानु, कोपऱ्यावरच्या शिंप्यान आठ दिवस पैशे दिल्यान नाय. मशीन इकता वाटता." कर्जखात्यात ही गोष्ट दिसायला पुढे दोन महिने लागत.

तो आठवला माझ्या भाचीमुळे. ती पुण्यात नगररचना शिकते. दिवाळीत मालवणला आली ती लॅपटॉप घेऊनच. "मामा, तुमचं गाव किती जिवंत आहे ते मोजायचंय." मी म्हटले, मोज बाई. या वयात माणसाची नाडीही दुसरेच मोजतात!

खूळ वाटले तरी याला वंशावळ आहे. जेन जेकब्ज या अमेरिकन बाईंनी १९६१ साली लिहिले, की लहान लहान गल्ल्या, जुनी-नवी घरे शेजारी शेजारी, दुकान आणि बिऱ्हाड एकत्र, माणसांची दाटी, एवढे असले की रस्ता जागता राहतो. बाईंनी हे खिडकीतून पाहून लिहिले होते. २०१६ साली संशोधकांनी रोम, मिलानसह इटलीतल्या सहा शहरांत मोबाइलच्या वापराच्या नोंदींवर ते ताडून पाहिले आणि बाईंचे म्हणणे बऱ्याच अंशी खरे निघाले. अमेरिकेतल्या एमआयटीने तर रस्त्यांच्या छायाचित्रांवरून शहराशहरांतली झाडी मोजली. संगणकाला आधी हजारो फोटो दाखवायचे, प्रत्येकात हे आकाश, हे झाड, हा रस्ता असे माणसांनी रंगवून दिलेले. मग नवा फोटो दाखवला की तो ठिपकाठिपका ओळखून सांगतो, हिरवे किती आणि सिमेंट किती.

भाचीने भरडापासून बाजारपेठ आणि पुढे दांडीपर्यंत ठरावीक अंतरावर फोटो काढले. तिचा प्रोग्रॅम प्रामुख्याने जर्मन शहरांतल्या रस्त्यांच्या फोटोंवर शिकलेला. जांभ्याचे गडगे त्याने जन्मात पाहिलेले नव्हते. कधी भिंत म्हणे, कधी माती. हसलो. पण हिरवाईच्या यादीत मेढ्यातली आमची आळी पहिली आली, तेव्हा हसू आटले.

आमच्या आळीत अकरा घरे. सात बंद. माणसे मुंबईला, क्वचित गणपतीला येतात. वेली खिडक्यांत शिरल्या आहेत, अंगणात करवंद माजले आहे, एका घराच्या पडवीतून पिंपळ बाहेर डोकावतो. संगणकाला ते रान फार आवडले! २००१ च्या जनगणनेत सिंधुदुर्गात ८,६८,८२५ माणसे होती, २०११ मध्ये ८,४९,६५१. देशाची लोकसंख्या वाढत असताना आमची घटली, आणि त्या वजाबाकीत उगवलेल्या झाडांना पैकीच्या पैकी गुण.

उलट, किनाऱ्यावर होड्या लागतात त्या जागेला शून्याजवळचे गुण. फोटो दुपारी दोनचे, आणि मासे विकणाऱ्या बायकांना ना पाटी ना दुकान, मग नकाशात खूण कुठली? बँकेतही त्यांची खाती नव्हती. आमच्या हिशेबात त्या कधी आल्याच नाहीत. त्या चुकीत मीही होतो.

मी भाचीला लिलावाच्या वेळी नेले. ओरडा, पाणी, पाटीवरून हातघाई. तिने फोन वर धरला तशी एक म्हातारी कडाडली, "फोटो कित्याक काढतंस गो चेडवा? आधी बांगडे घे!" बांगडे घेतले. फोटोही मिळाले.

२०२५ मध्ये आमच्या जिल्हा प्रशासनात कृत्रिम बुद्धिमत्ता आली. बरेच झाले, कागद लवकर हलोत. पण उद्या अशाच आकड्यांवर रस्ता रुंद करायचा की नाही हे ठरले, तर लिलावाची जागा मोकळी आहे असे कोणी समजू नये, एवढी माझी धास्ती आहे.

भाचीने तक्त्यात एक नवा रकाना घातला: संध्याकाळी घरात दिवा आहे का? तो भरण्याचे काम माझ्याकडे. रोज साडेसातला छत्री घेऊन आळीतून जातो आणि वहीत खूण करतो. परवा तिसऱ्या घरात उजेड दिसला. वर्षांनी दिसला म्हणून लगबगीने हाक मारली. घर विकायचे ठरले होते. मोजणीला आलेली माणसे टॉर्च घेऊन आत फिरत होती.