चवळीच्या मुळातला गुलाबी रंग

गेल्या वर्षी जूनपासून ऑक्टोबरपर्यंत मी जुन्नरकडच्या एका सेंद्रिय भाजीमळ्यात शिकाऊ म्हणून राहिले. पहिल्या दिवशी पेरणी शिकवतील असं वाटलं होतं. रात्री पाऊस पडून गेला होता. मळ्याच्या काकू म्हणाल्या, "मूठभर माती घे, दाब, आणि कमरेएवढ्या उंचीवरून सोड." मातीचा लाडू खाली पडला, चेपला, पण फुटला नाही. "वाफसा नाही. आज वाफ्यात पाय ठेवायचा नाही."

दोन दिवसांनी तोच लाडू पडताच भुगा झाला आणि आम्ही चवळी टोकली.

वाफसा हा शब्द लहानपणापासून कानावर होता, त्याचा अर्थ त्या दिवशी हाताला कळला. चांगल्या मातीचा जवळजवळ निम्मा भाग पोकळी असतो. वाफसा आला म्हणजे बारीक पोकळ्यांत पाणी धरलेलं असतं आणि मोठ्या पोकळ्यांतून पाणी निथळून तिथे हवा शिरलेली असते. ओल्या मातीत पाय दिला की आधी या मोठ्या पोकळ्या मिटतात आणि मुळं गुदमरतात. त्यांनाही श्वास लागतो.

महिन्याभराने काकूंनी चवळीचं एक रोप दाखवायला म्हणून काढलं. "ओढू नकोस, खुरप्याने उकर." मुळं बादलीत हलकेच धुतली, तर त्यांवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी. मला वाटलं, रोग पडला. काकूंनी एक गाठ नखाने चिरली. आत गुलाबी रंग, हिरडीसारखा. मी बघतच राहिले.

तो रंग आपल्या रक्ताच्या नात्यातला आहे. 1939 साली हिदेओ कुबो या जपानी शास्त्रज्ञाने सोयाबीनच्या गाठींतलं हे लाल द्रव्य हिमोग्लोबिनच्या जातीचं असल्याचं दाखवलं. आता त्याला लेगहिमोग्लोबिन म्हणतात. झाडाला ते कशाला हवं? हवेत 78 टक्के नायट्रोजन आहे, पण झाडाला तो थेट घेता येत नाही. म्हणून चवळीचं मूळ मातीत काही द्रव्यं सोडतं. ती ओळखून रायझोबियम गटातले जिवाणू उलट निरोप धाडतात. मग मुळाचा केस आकड्यासारखा वळून त्यांना कवेत घेतो आणि गाठ तयार होते. झाड साखर पुरवतं, जिवाणू हवेतला नायट्रोजन बांधून देतात. अडचण एकच: नायट्रोजन बांधणारं विकर ऑक्सिजनने निकामी होतं आणि जिवाणूंना तर जगायला ऑक्सिजन हवाच. गुलाबी द्रव्य ऑक्सिजन धरून ठेवतं आणि लागेल तेवढाच पोचवतं. हेच काम युरियाच्या कारखान्यात करायचं तर 400 अंशांवर तापमान आणि हवेच्या शेकडोपट दाब लागतो. चवळी ते श्रावणातल्या गार मातीत करते.

खताच्या ढिगाची गोष्टही हवेचीच. पालापाचोळा, शेण, गोमूत्राची माती, राख यांचे थर लावायचे, ओल राखायची आणि ढीग ठरावीक वेळी पालटायचा. आठवड्याने ढिगात खुपसलेली लोखंडी सळई बाहेर काढली, तर हातात धरवेना. आत 60 अंशांच्या पुढे ऊब होती आणि ती सगळी जिवाणूंच्या श्वासाची. या रीतीला जगभर 'इंदूर पद्धत' म्हणतात. अल्बर्ट हॉवर्ड 1924 ते 1931 इंदूरच्या संशोधन संस्थेत होते. यशवंत वाड या सहकाऱ्याबरोबर त्यांनी 1931 साली या पद्धतीवर पुस्तक लिहिलं. इथले शेतकरी आणि पिकांवरची कीड यांना ते आपले शेतीचे प्राध्यापक मानत. सेंद्रिय शेतीच्या चळवळीचा हा मोठा माणूसही इथल्या बांधावर शिकाऊच होता, हे मला फार आवडतं.

एक गैरसमज मात्र मी घेऊन आले होते. चवळी उभी असताना शेजारच्या भाजीला खत वाटते, असं मला वाटायचं. तसं फारसं होत नाही. बांधलेला बहुतेक नायट्रोजन ती स्वतःच वापरते आणि शेंगांबरोबर बराचसा मळ्याबाहेर जातो. उरतं ते मुळांत आणि पाल्यात. म्हणून शेंगा संपल्यावर आम्ही वेल उपटले नाहीत. विळ्याने जमिनीलगत कापले आणि पाला तिथेच आच्छादनाला पसरला. काकूंचा शब्द होता बेवड. आधीचं पीक जाताना पुढच्या पिकासाठी मातीत जे ठेवून जातं, ते. "चवळीचा बेवड आहे, कोबी चांगला येईल."

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात खुंटांच्या मधे कोबीची रोपं लावली. निघायच्या दिवशी सकाळी मी एक खुंट हळूच उकरला. गाठी तपकिरी झाल्या होत्या; बोटांत धरल्या तर नुसती साल हाताला लागली. आत काहीच उरलं नव्हतं, आणि त्या रिकाम्या सालींना लागूनच कोबीचं एक पांढरं, केसाएवढं मूळ येऊन पोचलं होतं.