बजाजवाडीच्या जानकीदेवी

‘बजाज’ हे नाव कानावर पडले की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे स्कूटर उभी राहते. नवरा, बायको आणि पुढे उभे राहिलेले एक पोर अशी तिघांची सवारी, आणि त्या काळी प्रत्येक घरात तोंडपाठ झालेली ती दूरदर्शनवरची जाहिरात! पण या घराण्याची जी थोरली बाई होती, तिने उभ्या आयुष्यात मोटारी-बंगल्यांपेक्षा चरखा, गाय आणि विहीर यांचाच विचार अधिक केला, हे फारसे कुणाला ठाऊक नसते. जानकीदेवी बजाज हे त्यांचे नाव. उद्योगपती जमनालाल बजाज यांच्या त्या पत्नी. कमलनयन आणि रामकृष्ण यांच्या आई आणि राहुल बजाज यांच्या आजी.

अशी नात्यांची ओळख करून द्यावी लागते, यातच त्यांच्या आयुष्याची अर्धी गोष्ट आली. उरलेली अर्धी मात्र सर्वस्वी त्यांची स्वतःची आहे.

आठ-नऊ वर्षांची सून

जानकीदेवींचा जन्म ७ जानेवारी १८९३चा, माळव्यातल्या जावरा या गावचा. तेव्हा ते एक छोटे नबाबी संस्थान होते. घर अग्रवाल मारवाड्यांचे, वैष्णव आणि सुखवस्तू. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे १९०२ साली, वयाची दहा वर्षेही पुरी झाली नसताना त्यांचे लग्न झाले आणि त्या वर्ध्याला सासरी आल्या. नवरदेवही बारा-तेरा वर्षांचेच होते. जमनालाल हे मूळचे सीकरकडच्या खेड्यातले. वर्ध्याचे धनाढ्य सेठ बच्छराज बजाज यांच्या घरी ते नातू म्हणून दत्तक आले होते. कापसाचा व्यापार, मोठा वाडा, नोकरचाकर, देवघर, सोवळेओवळे आणि सुनांच्या तोंडावर हातभर घूंघट, असे ते घर.

या घरात पैसा भरपूर होता, पण पैशावरून पहिला खटकाही इथेच उडाला. जमनालाल सतरा वर्षांचे असताना एका लग्नाला जाताना अंगावर दागिने घालायला त्यांनी नकार दिला. आजोबा संतापले आणि दत्तक पोराला लागेल असे बोलून गेले. जमनालालांनी कागदावर लिहून दिले की, तुमच्या संपत्तीवर माझा हक्क नाही, आणि अंगावरच्या कपड्यांनिशी ते घर सोडून निघाले. पुढे समजूत घालून त्यांना परत आणले गेले. पण ज्या मुलीचा नवरा असा निघून जाऊ शकतो, तिच्या मनात त्या दिवसांत काय आले असेल? तिचे तर दागिन्यांवाचून पानही हलत नव्हते. सुनेचा मान, घराण्याची पत आणि अडीअडचणीचा आधार, सगळे सोन्यातच मोजले जाण्याचे ते दिवस.

सोने उतरले, पडदा गेला

महात्मा गांधी दक्षिण आफ्रिकेतून परतल्यावर जमनालाल त्यांच्याकडे ओढले गेले. १९२०च्या नागपूर काँग्रेसच्या वेळी त्यांनी गांधीजींकडे एक विलक्षण मागणी केली: मला तुमचा पाचवा मुलगा माना. गांधीजींनी ती मान्य केली. ‘रायबहादूर’ ही पदवी जमनालालांनी सरकारला परत केली. आणि मग या सगळ्याची झळ घरात पोचली.

नवऱ्याच्या सांगण्यावरून जानकीदेवींनी अंगावरचे सोने उतरवले. त्यांनी पडदा सोडला. अठ्ठाविसाव्या वर्षी रेशीम आणि विलायती कपडा टाकून खादी धरली. आज हे वाचताना तीन छोटी वाक्ये वाटतात. पण मारवाडी समाजात सवाष्ण बाईने सोन्यावाचून वावरणे म्हणजे अपशकुन, आणि उघड्या तोंडाने परपुरुषांसमोर येणे म्हणजे निर्लज्जपणा. ज्या बायकांत उठायचे-बसायचे, त्यांचेच टोमणे ऐकायचे. खादीही त्या वेळची जाडीभरडी; हातमागाचा पन्हा अरुंद, म्हणून साडीसाठी दोन तुकडे जोडावे लागत.

कुणी म्हणेल, हे सगळे पतीच्या इच्छेखातर झाले, त्यात त्यांचे स्वतःचे काय? प्रश्न अगदीच चुकीचा नाही. सुरुवात तशीच झाली होती. परंतु पतीच्या आज्ञेने पडदा सोडणारी बाई पतीच्या आज्ञेनेच गावोगाव जाऊन दुसऱ्या बायकांना पडदा सोडायला सांगत नाही. जानकीदेवी ते करू लागल्या. स्वतः सूत कातणे, शेकडो बायकांना कातायला शिकवणे, मारवाडी स्त्रियांच्या सभांतून दागिन्यांविरुद्ध आणि घूंघटाविरुद्ध बोलणे, हे सारे करणारी बाई शाळा-कॉलेजात शिकलेली नव्हती. १९३२ साली सत्याग्रहात त्यांना तुरुंगवासही घडला.

देवळाचे दार

वर्ध्यातले लक्ष्मीनारायण मंदिर बजाज घराण्याचेच. जुलै १९२८मध्ये जमनालालांनी ते अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी खुले केले. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह अजून दोन वर्षे पुढे होता. एखाद्या मोठ्या हिंदू मंदिराच्या मालकांनी आपणहून दार उघडण्याचा प्रसंग त्या काळी क्वचितच घडला होता. जातभाई बिथरले.

या प्रसंगात जानकीदेवी पतीच्या बरोबर उभ्या होत्या. पण खरी कसोटी देवळात नव्हती, घरात होती, असे म्हटले पाहिजे. पुरुषाने सभेत ठराव करावा आणि घरी येऊन सोवळ्यातल्या ताटावर बसावे, हे आपल्याकडे नवीन नाही. स्वयंपाकघराची आणि पाण्याच्या माठाची मालकीण बाई असते. ती बदलली नाही, तर काहीच बदलत नाही. कडक वैष्णव संस्कारात वाढलेल्या जानकीदेवींना मनातल्या शिवाशिवीशी झगडावे लागले असणार. त्या झगड्यात त्या हरल्या नाहीत.

पाहुण्यांचे घर

मुले पाच झाली: कमला, कमलनयन, मदालसा, उमा आणि रामकृष्ण. थोरल्या कमलाचे लग्न १९२६ साली साबरमतीच्या आश्रमात गांधीजींच्या उपस्थितीत अगदी साधेपणाने झाले. लक्षाधीशाच्या पहिल्या मुलीचे लग्न, आणि ना वरात, ना पंगती! मारवाडी आईला हे पचवणे किती कठीण, ते मुलीचे लग्न केलेल्या कुठल्याही गृहिणीला सांगायला नको. मुलांना विनोबांच्या सहवासात ठेवले गेले. मदालसाचा विवाह श्रीमन्नारायण यांच्याशी झाला. ते पुढे गुजरातचे राज्यपाल झाले. धाकटा रामकृष्ण वैयक्तिक सत्याग्रहात तुरुंगात गेला, तेव्हा तो अठराचाही नव्हता.

विनोबा १९२१ साली वर्ध्याला आले. पुढे जमनालालांच्याच आग्रहावरून गांधीजीही वर्ध्यात राहू लागले आणि १९३६ साली शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, गेले. त्यामुळे देशाचे सगळे राजकारण वर्ध्याच्या वाटेने धावू लागले. नेहरू, पटेल, राजेंद्रबाबू, मौलाना आझाद, सरहद्द गांधी यांच्यापैकी कोण बजाजांचे पाहुणे झाले नाही? काँग्रेस कार्यकारिणीच्या कितीतरी बैठका वर्ध्याला झाल्या. या बैठकांत काय ठरले ते इतिहासाच्या पुस्तकांत आहे. इतक्या माणसांची अंथरुणे, पथ्यपाणी, कुणाला बकरीचे दूध आणि कुणाला नुसत्या उकडलेल्या भाज्या, हे कुणी सांभाळले, ते पुस्तकांत नाही. गांधीजी जानकीदेवींना लाडाने ‘जानकीमैया’ म्हणत. या पाहुण्यांनी भरलेल्या घराचा विचार केला की ते नाव उगीच पडले नव्हते, हे पटते.

११ फेब्रुवारी १९४२

जमनालालांनी अखेरच्या काळात राजकारण बाजूला ठेवले होते. १९४१ साली वर्ध्याला गोसेवा संघ स्थापन झाला आणि ते गोपुरीत झोपडीत राहून गाईंच्या कामाला लागले. जेमतेम काही महिने झाले असतील. ११ फेब्रुवारी १९४२ रोजी त्यांचा मेंदूतील रक्तस्रावाने अचानक मृत्यू झाला. वय अवघे बावन्न.

जानकीदेवी एकोणपन्नास वर्षांच्या होत्या. त्यांच्या मनात एकच गोष्ट आली: सती जायचे. लहानपणापासून ज्या गोष्टी ऐकल्या, ज्या सतींच्या देवळ्या पूजल्या, त्यांचे संस्कार वीस वर्षांच्या खादीने आणि चरख्याने पुसले गेले नव्हते. सुधारणेचा इतिहास सांगताना हा प्रसंग झाकून ठेवण्याचे कारण नाही. उलट त्यामुळेच पुढच्या गोष्टीला किंमत आहे.

सेवाग्रामहून धावत आलेल्या गांधीजींनी त्यांना थांबवले. नुसते समजावले नाही. त्यांच्या शब्दालाच दुसरा अर्थ दिला. चितेवर देह जाळण्यापेक्षा नवऱ्याचे अर्धवट राहिलेले काम आयुष्यभर चालवणे हेच खरे सतीपण, असे त्यांनी सांगितले. जानकीदेवींनी तिथेच निर्णय घेतला. स्वतःची म्हणून जी संपत्ती होती, ती त्यांनी गोसेवेला देऊन टाकली आणि गोसेवा संघाचे अध्यक्षपद स्वीकारले. ते त्यांनी पुढे अनेक वर्षे सांभाळले.

इथून पुढची सदतीस वर्षे सांगायला कुणी नव्हते आणि आज्ञा करायला कुणी नव्हते. त्याच वर्षी जुलैत वर्ध्याला काँग्रेस कार्यकारिणीने ब्रिटिशांनी भारत सोडावा असा ठराव केला. देश पेटला, आणि जानकीदेवी गाईंच्या कामात होत्या.

गोसेवा म्हणजे गाईला हळदकुंकू लावणे नव्हे. या संघाचे सभासद व्हायचे तर गाईचेच दूध-तूप वापरायचे आणि चामडे वापरायचे ते मेलेल्या जनावराचे, असे व्रत घ्यावे लागे. यामागे साधा हिशेब होता. म्हशीच्या दुधाला आणि तुपाला भाव मिळतो, गाय परवडत नाही, म्हणून ती कसायाकडे जाते. गाय वाचवायची असेल, तर तिचे दूध विकले गेले पाहिजे, जात सुधारली पाहिजे, चारा मिळाला पाहिजे आणि ती मेल्यावर तिचे कातडेही वाया जाता कामा नये. वर्ध्याजवळ नालवाडीला चर्मालय चालत असे ते याच विचाराने. सवर्ण घरात जन्मलेल्या माणसांनी कातडी कमावण्याच्या कामात लक्ष घालणे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती.

जमिनीला पाणी हवे

१९५१ साली विनोबांनी पोचमपल्लीहून भूदान सुरू केले. साठीला टेकलेल्या जानकीदेवी या कामातही उतरल्या आणि पदयात्रांत चालल्या. फिरताना त्यांचे लक्ष गेले ते बाईच्या नजरेला दिसणाऱ्या गोष्टीकडे. भूमिहीनाला जमीन मिळाली, पण पाणी कुठे आहे? कोरडी जमीन दान दिल्याने त्याच्या चुलीवर काही शिजत नाही. म्हणून त्यांनी ‘कूपदान’ मागायला सुरुवात केली. कूप म्हणजे विहीर. ज्याच्याकडे पैसा असेल त्याने विहिरीचा खर्च द्यावा. लग्नकार्यात, बारशात हजारोंनी खर्च करणाऱ्या व्यापारी घरांत त्या हक्काने जात. शेठाणीच शेठाण्यांकडे मागायला आली, तर नाही कोण म्हणणार! मागण्यात लाज वाटत नसे, कारण स्वतःजवळचे आधीच देऊन झाले होते.

१९५६ साली भारत सरकारने त्यांना पद्मविभूषण दिले. हा सन्मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. आदल्याच वर्षी तो महर्षी धोंडो केशव कर्वे यांना मिळाला होता.

इकडे मुलांनी उद्योग वाढवला. कमलनयन व्यवसाय सांभाळत वर्ध्याचे खासदारही झाले. घरात पुन्हा संपत्ती आली, पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक. आईने मात्र आपले राहणे बदलले नाही. नातवंडांच्या कारखान्यातून स्कूटरी बाहेर पडू लागल्या, तरी आजीच्या अंगावर हातकताईची खादीच होती. १९७२ साली थोरला मुलगा कमलनयन गेला. एकोणऐंशीव्या वर्षी आईच्या वाट्याला यावे असे हे दुःख नव्हे. तेही त्यांनी सोसले. २१ मे १९७९ रोजी, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी त्यांचे निधन झाले. आपल्या आयुष्याची हकीकत त्यांनी ‘मेरी जीवन-यात्रा’ या हिंदी पुस्तकात सांगून ठेवली आहे.

१९८७ साली त्यांच्या नावाने ग्रामविकासाचे काम करणारी संस्था उभी राहिली. त्याआधीच, १९८०पासून, जमनालाल बजाज फाउंडेशनने स्त्रिया आणि मुलांसाठी काम करणाऱ्यांना जानकीदेवींच्या स्मरणार्थ पुरस्कार द्यायला सुरुवात केली होती. तो मिळवणाऱ्यांत डहाणूजवळच्या कोसबाडला आदिवासी मुलांच्या अंगणवाड्या चालवणाऱ्या अनुताई वाघ होत्या.