मालावर देशी किती टक्के? खरे लिहा, बरकत मिळवा

‘जालना सोने का पालना’ ही म्हण आपल्या जिल्ह्यात लहानथोरांच्या तोंडी आहे. हा पाळणा व्यापाऱ्यांनी आणि कारागिरांनी हलता ठेवला. बियाणे, मोसंबी आणि लोखंडी सळई या तीन मालांनी जालन्याचे नाव देशभर नेले. आज मात्र गिऱ्हाईक दुकानात येऊन एक नवाच प्रश्न विचारू लागले आहे, “माल देशी आहे का?” यावर आपले नेहमीचे उत्तर असते, “हो, शंभर टक्के!” हे उत्तर तपासून पाहण्याची वेळ आली आहे, असे आम्हाला वाटते.

कूलरचेच उदाहरण घेऊ. पत्रा देशी, जाळी देशी, गवत देशी, मजुरी तर आपल्याच पोरांची. पण मोटर आणि पंप? खोक्यावर नीट पाहिले तर दुसऱ्याच देशाचे नाव दिसते. मग कूलर देशी म्हणायचा की परदेशी? खरे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असे नसून टक्केवारीत आहे.

हिशेब कसा करावा?

केंद्र सरकारने सरकारी खरेदीत देशी मालाला प्राधान्य देणारा आदेश १५ जून २०१७ रोजी काढला. त्यातील हिशेब कोणत्याही लहान कारखानदाराला जमेल असा आहे. मालाच्या एकूण किमतीतून कर वजा करा, परदेशी भागांची किंमत वजा करा. उरले ते देशी. त्याचे एकूण किमतीशी जे प्रमाण, ती तुमची टक्केवारी.

समजा, कर सोडून कूलरची किंमत ६,००० रुपये आहे. परदेशी मोटर व पंपाचे १,५०० रुपये गेले. घरपोच पोहोचवणे आणि बसवून देणे यांचे ३०० रुपये त्याच किमतीत धरले असतील, तर तेही वजा करावे लागतात. वाहतूक, विमा, जोडणी आणि विक्रीनंतरची सेवा देशी हिश्शात मोजता येत नाही. उरले ४,२०० रुपये, म्हणजे ७० टक्के देशी.

येथे आपले बरेच बांधव एक चूक करतात. मोटर जालन्याच्याच दुकानातून घेतली, पक्के बिलही मिळाले, म्हणून ती देशी ठरत नाही. माल कोठे विकत घेतला याला महत्त्व नाही, तो कोठे बनला याला आहे. २०२४ मध्ये सरकारने हे अधिक स्पष्ट केले. देशातल्या विक्रेत्याकडून घेतलेला आयात मालही आयातच धरला जातो.

२०२० च्या दुरुस्तीनुसार ५० टक्के किंवा अधिक देशी हिस्सा असलेला पुरवठादार पहिल्या वर्गात आणि २० ते ५० टक्क्यांच्या दरम्यानचा दुसऱ्या वर्गात मोडतो. २० टक्क्यांहून कमी असेल तर तो स्थानिक पुरवठादार मानला जात नाही. १० कोटी रुपयांपर्यंतच्या खरेदीत पुरवठादाराने स्वतः लिहून दिलेले चालते. पण ते खोटे निघाले तर दोन वर्षांपर्यंत सरकारी खरेदीचा दरवाजा बंद होऊ शकतो.

सळईचा धडा

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत भट्ट्यांमध्ये भंगार व स्पंज आयर्न वितळवून बिलेट ओतले जाते आणि त्याची सळई लाटली जाते. यातले काही भंगार जहाजाने परदेशातून येते. मग सळई कोठली? पोलादाच्या सरकारी खरेदीचे धोरण २०१७ मध्ये आले आणि २०२५ मध्ये सुधारले. आता पोलाद भारतात वितळवलेले व ओतलेले असावे अशी त्यात अट आहे. त्यामुळे बाहेरून तयार बिलेट आणून येथे फक्त लाटणाऱ्याची सळई आणि येथे भट्टी पेटवणाऱ्याची सळई यांत फरक झाला.

मूल्याच्या टक्केवारीचा हिशेब मात्र वेगळा. तेथे भंगार कोठून आले यालाही मोल आहे. हे लक्षात घेण्याची गरज आपल्या भंगारवाल्या बांधवांना अधिक आहे. गल्लोगल्ली फिरून गोळा केलेले लोखंड हा अस्सल देशी कच्चा माल आहे. पण बिल नसेल, नोंद नसेल, तर कारखानदार तो देशी म्हणून दाखवणार कसा? तुमच्या घामाचा हिस्सा कागदावर येत नाही आणि त्याचा भावही मिळत नाही.

सक्ती नाही, म्हणूनच मोल

आयात केलेल्या बंद पाकिटातील मालावर मूळ देशाचे नाव छापणे कायद्याने सक्तीचे आहे. सरकारी ‘जेम’ पोर्टलवरही २०२० पासून मूळ देश सांगावा लागतो. पण बाजारात विकल्या जाणाऱ्या तुमच्या कूलरवर, कपाटावर किंवा बॅगेवर ‘७० टक्के देशी’ असे लिहिण्याची सक्ती नाही. ते लिहिणे तुमच्या मर्जीवर आहे. ऑस्ट्रेलियात १९८६ पासून कांगारूचे चिन्ह असेच ऐच्छिक आहे. खाद्यपदार्थांवर तेथे आता पट्टी काढून देशी हिस्सा किती ते दाखवतात. एका नजरेत गिऱ्हाइकाला कळते.

लेबलाची भीती बाळगू नये. १८८७ मध्ये ब्रिटनने कायदा करून परदेशी मालावर मूळ देशाचे नाव घालायला लावले. हेतू असा की, जर्मन माल ओळखून लोकांनी तो टाळावा. घडले उलटेच. माल चांगला होता, म्हणून ‘मेड इन जर्मनी’ हीच शाबासकी ठरली.

खोटे लेबल मात्र विष आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार दिशाभूल करणारा दावा हा गुन्हा ठरू शकतो, ही झाली दुनियेची बाजू. दीनची बाजू त्याहून मोठी. हदीसमध्ये प्रसंग येतो की, प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला तेव्हा आत ओल लागली. पावसाने भिजले, असे विक्रेता म्हणाला. ओले धान्य वर का ठेवले नाही, म्हणजे लोकांना दिसले असते, असे प्रेषितांनी त्याला विचारले आणि फसवणूक करणारा आपल्यातला नाही असे बजावले. परदेशी मोटर पत्र्याआड लपवून ‘शंभर टक्के’ म्हणणे ही तीच आतली ओल नव्हे काय?

आमची आपल्या बांधवांना विनंती आहे. या आठवड्यात आपल्या एका मालाचा हिशेब मांडून पाहा. परदेशी भागांची बिले वेगळ्या फायलीत ठेवा. जी टक्केवारी येईल ती साध्या मराठीत चिठ्ठीवर लिहून मालावर चिकटवा. ती ७० असो की ४०, लाजण्याचे कारण नाही. पुढच्या वर्षी देशी मोटर मिळवून ती ८० करता येईल. गिऱ्हाईक एकदा फसले तर परत येत नाही. पण ज्याच्या दुकानातली चिठ्ठी खरी निघाली, त्याचा पत्ता ते शेजाऱ्यालाही सांगते. हलाल कमाईची बरकत ती हीच.