दवबिंदू हवंय? कासवरून उपटू नका, कुंडीत पेरा

कोपर स्टेशनला खाली लोकलची वाट बघताय, की वर दिवा-वसई लाइनच्या प्लॅटफॉर्मवर उभे आहात? कुठेही असा, आजचा विषय खिडकीच्या ग्रिलमध्ये मावेल एवढाच आहे. किडे खाणारं रोप, ड्रॉसेरा. मराठीत दवबिंदू.

एका श्रोत्याने विचारलंय, "कासला चाललोय, एक रोप उपटून आणलं तर चालेल का?" नाही चालणार. का, ते सांगतो.

साताऱ्याजवळचं कास पठार २०१२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. तिथे जांभ्या खडकावर मातीचा पातळ थर, आणि त्यात नायट्रोजन अगदीच कमी. ती कमतरता दवबिंदू किड्यांमधून भरून काढतं. पानावरच्या केसांच्या टोकाला चिकट थेंब असतात. किडा अडकला की केस त्याच्यावर वळतात आणि पाचकरस त्याला जिरवतो. ड्रॉसेरा बर्मानी या जातीत तर हे वळणं काही सेकंदांत होतं! डार्विनने १८७५ साली कीटकभक्षी वनस्पतींवर पुस्तक लिहिलं, त्यात सगळ्यात जास्त पानं ड्रॉसेरालाच दिली.

आता मुद्दा. पठारावरची ही रोपं पावसात उगवतात, फुलतात आणि बी टाकून वाळून जातात. म्हणजे फुलावरचं एक रोप उपटलं, की पुढच्या वर्षीची रोपंही गेली. आणि घरी आणून खतमातीत लावलं, नळाचं पाणी घातलं, तर तेही मरणार. दोन्हीकडे नुकसान.

मग मिळवायचं कसं? बी घ्या. बर्मानीचं फूल स्वतःच्याच परागाने बी धरतं. एक रोप जगलं की पुढचं बी घरचंच. ऑनलाइन रोप घेताना विचारा: "बियांपासून वाढवलंय का? छोट्या रोपांचा फोटो दाखवाल?" उत्तर टाळलं तर घेऊ नका.

लावायची पद्धत सोपी आहे:

– स्फॅग्नम मॉस किंवा पीट, त्यात परलाइट. खत अजिबात नाही.
– बी वरच भुरभुरवा, झाकू नका. त्याला उजेड लागतो.
– पाणी पावसाचं किंवा आरओचं. घरच्या आरओत क्षार परत मिसळत असतील, तर टीडीएस मीटरने बघा. ५०च्या खाली हवं.
– कुंडी पाण्याच्या ताटलीत ठेवा आणि रोज काही तास ऊन द्या.

आणि हो, ताटलीतलं पाणी दर तीन-चार दिवसांनी ओता, ताटली घासा. नाहीतर डेंग्यूचे डास तिथेच वाढतील. एवढंसं रोप किती डास खाणार?

कासला नक्की जा. फोटो काढा, वाकून ते थेंब बघा. रोप मात्र तिथेच राहू द्या. भेटू पुढच्या भागात!