जर्मनीतला पहिला आठवडा: आधी पत्ता, मग पैसा

जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी बहुतेक जण वर्षभराच्या खर्चाचे ११,९०४ युरो ‘ब्लॉक्ड’ खात्यात ठेवतात. मात्र, तिथे पोहोचल्यावर ही रक्कम एकदम मिळत नाही. दरमहा ९९२ युरो हाती येतात, तेही सहसा चालू खाते सुरू झाल्यावर. हे खाते उघडताना अनेक बँका पत्त्याच्या नोंदणीचा दाखला मागतात. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ही नोंदणी, म्हणजे ‘आनमेल्डुंग’, करणे बंधनकारक आहे. त्यासाठी घरमालकाचे स्वतंत्र पत्र लागते. नुसता भाडेकरार पुरत नाही. त्यामुळे खोली ठरवतानाच या पत्राची खात्री करावी आणि पहिल्या महिन्याचा खर्च वेगळा ठेवावा. शनिवारी रात्री पोहोचणार असाल, तर पोळी-चटणी सोबत असू द्या. रविवारी तिथली बहुतेक दुकाने बंद असतात.