डोक्यावरचे ऊन आणि डोक्यावरचे ओझे

जागा दाखवताना मध्यस्थ म्हणाला होता, "वरचा मजला घ्या, सर. वारा भरपूर आणि डोक्यावर कुणाची धडधड नाही." दोन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या. डोक्यावर कुणाची धडधड नव्हती. डोक्यावर फक्त सूर्य होता!

सोलापूरचा उन्हाळा ज्याने काढला आहे त्याला अधिक सांगायला नको. दुपार एक वेळ निभावते. ती कॉलेजात, नाही तर खस लावलेल्या कूलरसमोर जाते. रात्र मात्र निभत नाही. बाहेर दहाला वारा सुटलेला असावा आणि आत पंख्याने तापलेलीच हवा अंगावर ढकलावी, असा प्रकार. एकदा रात्री स्टुलावर चढून मी छताला हात लावला. चुलीवरून उतरवलेला तवा अर्ध्या तासाने जसा लागतो, तसे ते लागले.

आमच्या घरात माणसे चार. मी, सौ., दहावीतली कन्या आणि पंचाहत्तरीची आई. सौ. आणि कन्या यांचे एसीवर एकमत झाले होते. आई म्हणे, "माळवदाखाली असं कधी हुत नव्हतं." आई औसा तालुक्यातल्या एका खेड्यात नांदलेली. तिथले आमचे घर जुन्या पद्धतीचे: दोन-अडीच फूट जाडीच्या दगडी भिंती, वर लाकडी तुळया, त्यांवर फळ्या आणि फळ्यांवर हातभर पांढऱ्या मातीचा थर. हेच माळवद. भर दुपारी आत शिरले की माठातल्या पाण्यासारखा गारवा लागे.

एसीच्या खरेदीपूर्वी मी आमच्या एका अभियंता स्नेह्यांना विचारले. ते म्हणाले, "गळक्या रांजणात पाणी भरायला निघालात तुम्ही. आधी गळती कुठे आहे ते पाहा."

गळती डोक्यावर होती. उन्हाळ्यात भिंतींवर ऊन तिरपे पडते आणि आळीपाळीने पडते. छतावर ते दिवसभर असते. मेच्या दुसऱ्या आठवड्यात तर सोलापुरात सूर्य माध्यान्ही इतका नेमका माथ्यावर येतो की उभ्या काठीला सावली राहत नाही. चार-पाच इंचांचा काँक्रीटचा स्लॅब हे ऊन दिवसभर पितो आणि रात्री खाली ओततो. काँक्रीट मजबूत खरे, पण उष्णता अडवण्याच्या कामी अगदी कच्चे.

मग अडवते काय? कोंडलेली, न हलणारी हवा. गोधडीत ऊब असते ती कापडाची थोडी आणि थरांत अडकलेल्या हवेची जास्त. लाकडाच्या भुशाचेही तेच. 1833 साली अमेरिकेतील बोस्टनहून एक जहाज नैसर्गिक बर्फ घेऊन कलकत्त्यास निघाले. चार महिने समुद्रावर, विषुववृत्त दोनदा ओलांडून! निघताना सुमारे 180 टन असलेला बर्फ पोहोचताना 100 टनांच्या आसपास शिल्लक होता. संरक्षण एवढेच, की तो घट्ट रचून त्याच्याभोवती झाडाच्या वाळलेल्या सालींचा भुसा भरलेला होता. आजच्या फोमच्या पाट्यांत भुशाऐवजी लक्षावधी बारीक बुडबुडे असतात. एक इंच थर्मोकोल जेवढी उष्णता अडवतो, तेवढी अडवायला काँक्रीट तीन फुटांहूनही जाड लागेल.

"तेव्हा गच्चीवर एक थर घालू," असे ठरले आणि मी ते घरी जेवताना सांगितले. आईचा घास हातातच राहिला. ती म्हणाली, "वर वझं चढवू नगंस. मागचं इसरलास का?"

मी विसरलो नव्हतो. मी तेव्हा शाळेत होतो. 30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशी गणपती बोळवले होते. पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. आमच्या घराची पाठभिंत गेली, आम्ही वाचलो. शेजारच्या घरातली माणसे वाचली नाहीत. त्या पहाटे लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे दगावली, आणि बहुतेक भूकंपाच्या धक्क्याने नव्हे, तर घराच्या वजनाने. मातीत रचलेले दगड सुटले आणि वरची टनावारी माती झोपलेल्या माणसांवर आली. ज्या जाडीने उन्हाळाभर गारवा दिला, तिनेच घात केला. तेव्हापासून आईचे अंथरूण कोणत्याही घरात दाराजवळच असते.

'जुनी घरे किती थंड असत' असे आपण हौसेने म्हणतो. मीही वर्गात म्हणत आलो आहे. पण त्या गारव्याची किंमत कशात मोजली गेली, हे आईला ठाऊक होते.

दुसऱ्या दिवशी स्नेही फोमच्या पाटीचा तुकडा घेऊन आले आणि तो त्यांनी आईच्या हातात दिला. फूटभर जाडीची माती एक चौरस मीटर जागेवर पसरली, तर तिचे वजन पाचशे किलोच्या घरात जाते. तेवढ्याच जागेवरची दोन इंची पाटी दोन किलोही भरत नाही, आणि उष्णता त्या मातीपेक्षा जास्त अडवते. वरचा कोबा आणि फरशी धरली, तरी ओझे मातीच्या पाव हिश्श्याच्या आसपास. आईने तुकडा दोन-तीनदा वरखाली केला. "ही तर गवरीएवढी बी भरंना," म्हणाली. परवानगी मिळाली.

ज्यांच्या डोक्यावर असाच सूर्य आहे, त्या वाचकांसाठी आता कामाचे सांगतो. सर्वांत स्वस्त उपाय पांढऱ्या रंगाचा. गच्ची स्वच्छ धुऊन चुन्याचे दोन हात द्यावेत किंवा ऊन परतवणारा पांढरा लेप लावावा. पावसाने आणि धुळीने त्याचा गुण उतरतो. चुना तर दरसाल लावावा लागतो. अहमदाबाद महापालिकेने 2017 साली गरीब वस्त्यांतील हजारो छपरे अशीच पांढरी केली.

कायमचा उपाय थराचा. आधी जलरोधन, त्यावर फोमच्या पाट्या, त्यांवर पातळ कोबा आणि पांढऱ्या चिनीमातीच्या तुकड्यांची फरशी. थर स्लॅबच्या वर असावा. खाली लावला, तर स्लॅब तापतच राहतो. सोसायटीची परवानगी आणि छत किती भार पेलेल याचा अभियंत्याचा दाखला, दोन्ही आधी घ्यावे. फोम पेट घेतो आणि त्याचा धूर घातक असतो; घरात उघडा थर्मोकोल छताला चिकटवण्याचा मोह टाळावा. पडद्यांऐवजी खिडकीच्या बाहेर बांबूची चीक सोडावी, कारण काचेतून आत आलेले ऊन पडदा परत पाठवू शकत नाही. खिडक्या सकाळी नऊच्या आत मिटाव्यात आणि बाहेर गार झाले की सताड उघडाव्यात. स्वयंपाकघराचा वारा मात्र कधीही कोंडू नये.

नवी जागा घेणाऱ्यांनी आणखी एक विचारावे. केंद्र सरकारने 2018 साली घरांसाठी 'इको-निवास संहिता' काढली. छतातून किती उष्णता आत यावी, याची कमाल मर्यादा तीत घातली आहे. फरशी इटालियन की कोट्याची, हे आपण दहादा विचारतो; छतावर काय घातले आहे, हे एकदा तरी विचारावे.

आमचे काम मार्चमध्ये झाले. एसी घेतलाच, खोटे कशाला बोला! पण दीड टनाऐवजी एक टनाचा घेतला आणि तो चोवीस अंशांवर रात्री तास-दीड तास लावला की पुढे पंख्यावर भागते. मेमध्ये मी पुन्हा रात्री स्टुलावर चढलो. छत कोमट होते, एवढेच.

आई म्हणते, "माळवदासारखं न्हाई, पण बरं हाय." यंदा उन्हाळाभर तिला झोप लागली. अंथरूण मात्र अजून दाराजवळच आहे. ते हलवायला आम्ही तिला सांगत नाही.