तंजावरच्या परसात ग्रॅनाइटचा मुरूम

तंजावरहून एका मराठी वाचकाने विचारलं आहे: परसातल्या झाडांभोवती ग्रॅनाइटचा मुरूम पसरला, तर मातीला त्यातली खनिजं मिळतील का?

मुरूम जरूर पसरावा, खनिजांची आशा मात्र धरू नये. देशावरचा आपला मुरूम काळ्या पाषाणाचा. तो झिजत झिजत शेवटी चिकट मातीच होतो. ग्रॅनाइटची तऱ्हा वेगळी. त्यातलं काळं अभ्रक पाण्याने फुगतं आणि पाचर ठोकावी तसं शेजारचे कण सुटे करतं. पावसाच्या पाण्यातलं सौम्य कर्बाम्ल त्यातल्या फेल्स्पार या खनिजाची माती करतं. गारगोटीचा कण तेवढा जसाच्या तसा राहतो. पाण्याबरोबर जाण्याजोगं बरंचसं आधीच गेलेलं असतं; उरलेलं पोटॅशियम इतकं सावकाश सुटतं की रोपाला त्याचा भरवसा नाही.

फेल्स्पारच्या या पांढऱ्या मातीचीच चिनी मातीची भांडी होतात. म्हणूनच मला जाक-जोसेफ एबेलमेनची गोष्ट फार आवडते. खडक झिजताना हवेतला कार्बन डायऑक्साइड बांधला जातो, हे या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८४५ मध्येच मांडलं. पुढे तो सेव्हरच्या प्रसिद्ध पोर्सिलेन कारखान्याचा प्रमुख झाला आणि १८५२ मध्ये, अवघ्या सदतिसाव्या वर्षी वारला. त्याचं काम विस्मरणात गेलं. १९५२ मध्ये रसायनशास्त्रज्ञ हॅरॉल्ड यूरी यांनी तीच समीकरणं नव्याने मांडली आणि श्रेयही त्यांच्याच नावावर राहिलं. शेतात दगडाची भुकटी टाकून हवामान सावरण्याच्या घोषणा आज ऐकू येतात, त्यांत एबेलमेनचं नाव क्वचितच असतं. याची मला खंत वाटते.

तंजावरची जमीन म्हणजे कावेरीचा गाळ. कावेरी कर्नाटकातल्या ग्रॅनाइट आणि पट्टिताश्मांवरून वाहत येते. तेव्हा रोपं ज्या मातीत उभी आहेत, तीही मोठ्या प्रमाणात अशाच खडकांची झीज आहे. न झिजलेला ग्रॅनाइट पाहायचा तर बृहदीश्वराच्या मंदिरात जावं. १०१० मध्ये पूर्ण झालेल्या या मंदिराचा दगड बाहेरून आणलेला. त्याच्याच एका भिंतीवर तंजावरच्या सरफोजीराजांनी १८०३ मध्ये कोरवलेला भोसले घराण्याचा मराठी इतिहास आजही वाचता येतो. कारण घट्ट दगडात पाणी सहजी शिरत नाही.

परसात मुरूम कामाला येतो तो झाकण म्हणून. मातीतलं पाणी केशाकर्षणाने वर चढतं. जाड्याभरड्या कणांच्या थरात तो धागा तुटतो आणि ओल टिकते. दोन-तीन इंचांचा थर पुरे. पायवाटेवर तो पाणी मारून धुम्मसने चोपावा, आळ्यात मात्र सैलच ठेवावा. बारीक भुकटी दाबली गेली की पाणी मुरायचं थांबतं. खोडापासून चार बोटं जागा सोडावी. आणि त्यावर पडलेला पालापाचोळा झाडून टाकू नये, झाडाचं खाणं त्यात आहे.